चौल बंदर गेले कुठे? दोन दिवसांत न दिसलेल्या शहराविषयी

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही वडिलांना घेऊन पुण्याहून रेवदंड्याला गेलात, दोन दिवस राहिलात, किल्ल्याच्या भिंती, नारळी-पोफळीच्या वाड्या आणि किनारा पाहिला आणि परत आलात. वडिलांनी आयुष्यभर वाचले होते, की चौल हे दोन हजार वर्षांचे बंदर. पण प्रत्यक्षात बंदर म्हणावे असे काहीच दिसले नाही आणि ते हिरमुसले. आता तुम्ही विचारता, की हे शहर समुद्रात बुडाले, कोणी उद्ध्वस्त केले, की त्याचा मोठेपणाच फुगवून सांगितलेला आहे. आणि वडिलांना पुन्हा तिकडे नेण्यात अर्थ आहे का.

मी पुण्यात इतिहास शिकवत असे. गेली सव्वीस वर्षे आधी विद्यार्थ्यांच्या आणि निवृत्तीनंतर हौशी मंडळींच्या अभ्याससहली कोकणात नेतो आणि त्यांतल्या निम्म्याहून अधिक चौलच्याच आहेत. तुमच्या वडिलांची निराशा मी अनेक चेहऱ्यांवर पाहिली आहे. शहर कोठे गेले हा तुमचा प्रश्न योग्यच आहे, पण मला वाटते खरी अडचण त्याच्या आधीची आहे. आपण बंदर म्हणजे काय समजून पाहायला जातो, यावर पुढचे सगळे अवलंबून असते. किल्ल्याला तट असतो, राजधानीला वाडे असतात. बंदराला मात्र मुख्यतः येणे-जाणे असते आणि ते थांबले की डोळ्यांना दिसण्याजोगे फार थोडे उरते.

पहिली गोष्ट भूगोलाची. तुम्ही पाहिलात तो रेवदंड्याचा किल्ला, म्हणजे कुंडलिका नदीच्या मुखाशी पोर्तुगिजांनी वसवलेले तटबंद गाव. जुने चौल तिथून जेमतेम दोन-तीन किलोमीटर आत, आज जिथे रामेश्वराचे देऊळ आणि त्याची पुष्करणी आहे त्या बाजूला पसरलेले होते. जुन्या कागदांत वरचे चौल आणि खालचे चौल असा भेद येतो तो यामुळे. जी खाडी एके काळी वरच्या चौलापर्यंत गलबते आणत असे तिच्यात गाळ भरला, आणि आज त्या जागी उभे राहिले तर इथवर जहाज येत होते यावर विश्वास बसत नाही. रेवदंडा म्हणजेच चौल समजून परतणारा माणूस शेवटच्या सव्वादोनशे वर्षांचे चौल पाहतो आणि आधीच्या दीड हजार वर्षांजवळून गाडीने निघून जातो.

मोठेपणा फुगवलेला आहे का, याचे उत्तर स्पष्ट आहे: नाही. टॉलेमी या प्राचीन भूगोलकाराच्या ग्रंथात आणि पेरिप्लस या ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत हे बंदर सेमिल्ला, सिमिल्ला अशा नावांनी येते. कान्हेरीच्या लेण्यांत चेमुलच्या, म्हणजे चौलच्याच, रहिवाशाने दिलेल्या दानाचा लेख आहे. आणि आपल्या डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी चौलला केलेल्या उत्खननात सातवाहनकाळापर्यंत मागे जाणारे अवशेष मिळाले आहेत. इ. स. ९१५-१६च्या सुमारास अल मसूदी हा बगदादचा प्रवासी इथे आला तेव्हा उत्तर कोकणावर शिलाहार झंझ राजाचे राज्य होते. या बंदराला तो सैमूर म्हणतो आणि सिराफ, ओमान, बसरा, बगदाद इथून येऊन स्थायिक झालेले सुमारे दहा हजार मुसलमान इथे राहतात असे लिहितो. त्यांच्यातल्या इथेच जन्मलेल्यांना ‘बयासिरा’ म्हणत आणि त्यांचे आपसांतले तंटे सोडवायला राजाच्या संमतीने त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे. हा उल्लेख मला दहा हजारांच्या आकड्यापेक्षा महत्त्वाचा वाटतो. परक्यांची वस्ती चार दिवसांची असती तर इथे जन्मलेल्या पिढीला वेगळे नाव पडले नसते. जवळच्या अक्षी गावातला शिलालेख पाहिला नसेल तर अवश्य पाहा. त्यावर शक ९३४ म्हणजे इ. स. १०१२ असे वाचले गेले आहे. त्या वाचनावर आणि म्हणून मराठीतला सर्वांत जुना लेख कोणता यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. पण राजाला त्यात ‘पश्चिमसमुद्राधिपती’ म्हटले आहे. ज्या राजाला अशी पदवी मिरवावीशी वाटते त्याची मिळकत समुद्रातून येत असणार, हे वेगळे सांगायला नको.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. मीही सुरुवातीची कितीतरी वर्षे चुकीच्या टोकापासून चौल दाखवत होतो. पुण्याहून निघायचे, खोपोली-पेण-अलिबाग करत थेट किल्ल्यात उतरायचे, तट आणि बुरुज दाखवायचे, रशियन प्रवासी अफानासी निकितिन याचे शाळेच्या आवारातले स्मारक दाखवायचे आणि परत फिरायचे. एका वर्षी त्या स्मारकापाशी मी सांगत होतो, की त्वेर गावचा हा व्यापारी १४६९च्या सुमारास होर्मुझहून एक घोडा घेऊन इथे उतरला, गोरा माणूस पाहायला लोक त्याच्या मागे मागे फिरू लागले, मग तो पालीवरून घाट चढून जुन्नरला गेला आणि तिथे सुभेदाराने त्याचा घोडाच काढून घेतला. जुन्नरहून आलेली एक विद्यार्थिनी मागून म्हणाली, “सर, म्हणजे हा शेवटी आमच्या गावी आला होता. मग आपण उलट्या बाजूने का येत नाही?”

त्या प्रश्नाने माझी सहल बदलली. चौलचे बंदर समजून घ्यायचे असेल तर सुरुवात घाटावरून करायला हवी, कारण बंदराचा जीव किनाऱ्यावर नसतो, तो मागच्या मुलखात असतो. निकितिनचाच हिशेब पाहा. चौल ते पाली आठ दिवस लागले असे तो लिहितो आणि पुढे सह्याद्री ओलांडून जुन्नरला पोहोचेपर्यंत एकूण तीन आठवड्यांहून अधिक काळ जातो. पावसाळ्याचे दोन महिने तो जुन्नरला अडकून पडला. एका घोड्यासाठी माणूस एवढा खटाटोप करत होता, कारण देशावर चांगला घोडा पैदा होत नव्हता आणि प्रत्येक सुलतानाला तो हवा होता. घोडा अरबस्तानातून आणि इराणातून यायचा, तो चौलला उतरायचा आणि बिदर किंवा अहमदनगरच्या पागेत जायचा. बहमनी आणि पुढे निजामशाही राज्याला चौल हवे होते ते मुख्यतः यासाठी. पोर्तुगिजांना १५२१ साली निजामशहाने किल्ला बांधायला परवानगी दिली तिच्यामागेही घोड्यांच्या पुरवठ्याची निकड होती.

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला दुआर्ते बार्बोसा या पोर्तुगीज माणसाने चौलच्या बाजाराचे वर्णन केले आहे आणि मी ते दर सहलीत वाचून दाखवतो. त्याच्या सांगण्याचा आशय असा, की इथली खरी उलाढाल डिसेंबर ते मार्च या चार महिन्यांत होते. त्या वेळी देशावरून बैलांचे तांडे माल घेऊन उतरतात, बैलांच्या पाठीवर खोगिरासारखे पालाण असते आणि एकेक माणूस वीस-तीस बैल पुढे घालून हाकत आणतो. बाजार भरतो तो बंदरापासून थोडा आत. मोसम संपला की व्यापारी आपापल्या गावी परततात. आता तुमच्या वडिलांचा प्रश्न या वर्णनासमोर ठेवून पाहा. ज्या शहराची भरभराट वर्षातले चार महिने असते, जिथला बाजार तंबू आणि झापांच्या आडोशाखाली भरतो आणि माल बैलाच्या पाठीवरून थेट गलबतात चढतो, त्या शहराचे अवशेष म्हणून आपण काय शोधणार? ते शहर कोणी पाडलेले नाही. एका वर्षी तांडे कमी आले, पुढच्या वर्षी आणखी कमी, आणि असे होता होता ते यायचे थांबले.

का थांबले याचे एकच कारण देणाऱ्यावर मी विश्वास ठेवत नाही. गाळाचे कारण खरे आहे, पण गाळ सोपाऱ्याच्या (आजच्या नालासोपाऱ्याच्या) जुन्या बंदरात भरला तसा इतर अनेक बंदरांतही भरत होता आणि व्यापार जोमात असला की लोक थोडे खाली सरकून नवा धक्का शोधतात. रेवदंड्याकडे वस्ती सरकली ती काही अंशी तशीच. मला मोठे कारण वाटते ते मागचा मुलूख तुटण्याचे. १५७०-७१ साली मुर्तजा निजामशहाने या किल्ल्याला महिनोन्महिने वेढा दिला, त्याच वेळी आदिलशहा गोव्याला भिडला होता, आणि दोघांनाही यश आले नाही. खाडीपलीकडच्या कोर्लईच्या टेकडीवर निजामशाही फौजेने बांधलेला मोर्चाही १५९४ साली पोर्तुगिजांनी घेतला. बंदराचा दरवाजा एकाच्या हातात आणि त्यामागचे घर दुसऱ्याच्या हातात, अशी ही शंभर वर्षे गेली. पोर्तुगिजांचे परवानापत्र घेतल्याशिवाय जहाजाला मोकळेपणाने फिरता येत नव्हते. पुढे १६३६ मध्ये निजामशाहीच बुडाली आणि ज्या दरबारासाठी हे बंदर चालत होते तो दरबार नाहीसा झाला. त्यानंतर १६६८ मध्ये मुंबई इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेली, आणि खोल पाणी, सुरक्षित गोदी आणि कारागिरांना दिलेली सवलत यांपुढे चौलचे काही चालेना. चौलचे रेशीम नावाजलेले होते. ते विणणारे साळी मुंबईला निघून गेले. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर पोर्तुगिजांनी पुढच्या वर्षी तह करून चौल आणि कोर्लई मराठ्यांच्या हवाली केले. तोवर इथल्या व्यापाराची रया गेलेली होती. १८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून आगगाडी धावू लागली, आणि पुण्याचा माल समुद्रावर जाण्याची दिशा कायमची मुंबईकडे वळली.

म्हणून तुमच्या प्रश्नाचे थोडक्यात उत्तर असे देतो, की चौल बुडाले नाही आणि जळाले नाही. त्याच्याकडे येणाऱ्या वाटा बंद झाल्या. जे उरले आहे ते दगडांत कमी आणि माणसांत, शब्दांत, वाड्यांत अधिक आहे.

ते कसे पाहायचे हे तुम्ही किती दिवस काढू शकता आणि वडिलांचे गुडघे किती साथ देतात यावर अवलंबून आहे. तीन दिवस असतील तर पहिला दिवस जुन्नरला द्या. नाणेघाटात त्यांना नेणे जमले तर तिथला नागनिका या सातवाहन राणीचा लेख आणि घाटाच्या तोंडाशी असलेला दगडी रांजण पाहा. जकातीचा रांजण म्हणून तो ओळखला जातो. हा घाट प्रामुख्याने कल्याण-सोपाऱ्याच्या बाजूचा, पण देशावरचा माल समुद्राकडे कसा उतरत होता हे इथे जितके कळते तितके कुठे कळत नाही. जुन्नरच्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीक वा पश्चिमेकडच्या परदेशीयांनी, दिलेल्या दानाचे लेख आहेत, म्हणजे समुद्रावरून आलेली माणसे इथवर चढून येत होती. हे पाहून जो चौलला उतरतो त्याला नारळाच्या झाडांमागे काही तरी दिसू लागते. दोनच दिवस असतील तर जुन्नर सोडा, पण ताम्हिणीने उतरून कोलाड-रोह्यावरून साळावकडे या. कुंडलिकेच्या कडेकडेने समुद्राकडे जाताना हीच नदी हे बंदर घडवणारी आहे, हे डोळ्यांसमोर राहते.

साळावच्या पुलावर गाडी थांबवणे बरे नव्हे, तेव्हा पूल ओलांडून खाडीच्या कडेला थांबा आणि पाण्यात रोवलेले कोळ्यांच्या जाळ्यांचे खुंट वडिलांना दाखवा. मार्च १५०८ मध्ये इजिप्तच्या मामलुकांचे आरमार आणि दीवचा सुभेदार मलिक अयाज यांनी पोर्तुगिजांना याच खाडीत गाठले. पोर्तुगीज व्हाइसरॉय आल्मेदाचा मुलगा लोरेन्सो याचे जहाज निसटता निसटता मच्छीमारांच्या अशाच खुंटांत अडकले, तेथून हलेना आणि तो तिथेच मारला गेला. मुलाच्या मृत्यूचा सूड म्हणून आल्मेदाने पुढच्या वर्षी दीवची लढाई केली आणि हिंदी महासागरावर पोर्तुगिजांची पकड बसली. नाव कोणी नोंदले नाही अशा कोळ्याने मासे धरण्यासाठी रोवलेल्या खुंटांचा या सगळ्यात हात होता. आजही ओहोटीला ते खुंट चिखलातून वर येतात, त्यांना कालवे चिकटलेली असतात आणि त्यांवर बगळे बसतात. मी तिथे फार बोलत नाही, मुलांना पाच मिनिटे नुसते पाहू देतो.

किल्ल्यात सातखणी मनोरा तुम्ही पाहिलाच असेल. सात मजल्यांपैकी आता चारेक उरले आहेत. खाडीपलीकडे कोर्लईला मात्र तुम्ही गेलेला दिसत नाही आणि ही चुकलेली गोष्ट मला सर्वांत मोठी वाटते. दीपगृहापर्यंत गाडी जाते, पुढे पायऱ्या आहेत. वडिलांना चढवणे जमले नाही तरी गाव पाहा. तिथल्या ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून झालेली बोली आजही घराघरांत बोलली जाते आणि बोलणारे तिला ‘नो लिंग’ म्हणतात, म्हणजे आमची भाषा. पोर्तुगीज सत्ता १७४० साली गेली, चर्चची भाषा बदलली, शाळा मराठी झाली, तरी पावणेतीनशेहून अधिक वर्षे आयांनी मुलांना ती दिली. माझी एवढीच विनंती, की लोकांना थांबवून ‘बोलून दाखवा’ असे म्हणू नका. दुकानात चहा घ्या, बसा, ती आपोआप कानावर पडते. वडिलांना सांगा, की आपणही पगार, चावी, बादली, घमेले, तुरुंग हे शब्द रोज वापरतो आणि ते याच लोकांच्या पूर्वजांबरोबर आले.

तशीच बेने इस्राएल या कोकणातल्या ज्यू समाजाची खूण शोधा. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेल्या पूर्वजांची कथा हा समाज अलिबागजवळच्या नवगावाशी जोडतो. ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत. रेवदंड्यात त्यांचे सिनेगॉग आहे. बहुतेक कुटुंबे १९४८ नंतर इस्राएलला गेली, पण जाताना चेऊलकर, नवगावकर, किहीमकर ही आडनावे घेऊन गेली. ‘चेऊल’ हा उच्चार पाहा, तो आपल्या छापील ‘चौल’पेक्षा जुन्या ‘चेमुल’च्या अधिक जवळचा आहे.

आणि वाड्या. तुम्ही ‘नुसत्या वाड्या’ असे लिहिले आहे, पण वरच्या चौलचे शहर त्या वाड्यांच्या मातीखालीच आहे. काही वर्षांपूर्वी एका ओळखीच्या बागाईतदारांच्या वाडीत नव्या माडासाठी खड्डा खणणे चालू होते. रहाटाच्या विहिरीपासून दहा पावलांवर, हातभर खोलीवर, तळहाताएवढे एक खापर निघाले. त्यांनी ते पाटाच्या पाण्यात धुऊन माझ्या हातात दिले. पांढरेशुभ्र, काचेसारखे गुळगुळीत, आणि त्यावर निळ्या रंगात अर्धे पान काढलेले. पानाचा देठ होता, टोक तुटून गेले होते. ती चिनी मातीची बशी होती. घरातल्या आजी म्हणाल्या, “असली पुष्कळ निघतात, आम्ही लहानपणी भातुकलीला घ्यायचो.” चीनहून कोणत्या तरी जहाजाने आलेली ती बशी चौलात कोणाच्या तरी हातून फुटली आणि पुढे कित्येक पिढ्यांच्या मुलींनी तिच्या तुकड्यांवर खोटा खोटा भात वाढला. आम्ही खापराचा फोटो काढला, जागा लिहून घेतली आणि ते त्यांच्याकडेच ठेवले. तुम्हालाही काही दिसले तर पाहा, हातात घ्या आणि जिथल्या तिथे ठेवा. पुण्यात आणून कपाटात ठेवलेले खापर मुके होते; कोणत्या मातीतून, किती खोलीवरून निघाले हे कळल्याखेरीज अभ्यासकाला त्याचा उपयोग नसतो. वाडी खाजगी असते, विचारल्याशिवाय आत जाऊ नका. विचारले तर बहुतेक लोक आत बोलावतात आणि पाणीही देतात.

पुन्हा कधी जावे असे तुम्ही विचारले आहे, तर मी मार्गशीर्षात दत्तजयंतीला जा असे सुचवीन. चौलच्या डोंगरावरच्या दत्ताची यात्रा पाच दिवस चालते आणि पायथ्याशी मिठाईची, भांड्यांची, खेळण्यांची दुकाने लागतात. बार्बोसाने सांगितलेला मोसम डिसेंबरातच उघडत असे. या यात्रेचा त्या बाजाराशी संबंध आहे असे सिद्ध करणारा पुरावा नाही आणि तसा दावा मी करत नाही. पण पावसाळा संपून भात घरात आल्यावर त्याच दिवसांत त्याच गावात माणसांची रीघ लागलेली पाहिली, की ते चार महिने कसे असतील याची कल्पना करणे सोपे जाते. डोंगराला पायऱ्या बऱ्याच आहेत. वडिलांना झेपणार नसेल तर त्यांना रामेश्वराच्या पुष्करणीच्या काठी सावलीत बसवा, तीही जागा शांत आणि जुनी आहे.

भरती-ओहोटीचा हिशेब मात्र आधी करून जा, कारण रेवदंड्याचा तट समुद्राच्या बाजूने बाहेरून पाहण्यासारखा आहे आणि भरतीला तिथे चालता येत नाही. किनाऱ्यावरचे लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, असे साधारण गणित आहे. दत्तजयंती पौर्णिमेची, म्हणजे भरती सव्वाअकराच्या सुमारास. सकाळी चौलला देवदर्शन आणि यात्रा करा, दुपारी कोर्लईला जाऊन या, आणि पाचच्या आत रेवदंड्याला परत येऊन तटाबाहेर वाळूवर उतरा. तेव्हा पाणी मागे गेलेले असते आणि अंधार पडायला तासभर अवकाश असतो.